डावं पान

मी कमी बोलतो. घरात, कॉलेजात, बसवनगुडीच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना हे ठाऊक आहे आणि बहुतेकांना तो माझा सोज्वळपणा वाटतो. बायको तेवढी फसत नाही. ती म्हणते, "तुमचं गप्प बसणं म्हणजे कुलूप आहे. आत काय ठेवलंय ते कुणी बघू नये म्हणून लावलेलं." ती हे गमतीत म्हणायची. नऊ वर्षं मी ते ऐकून हसायचो आणि ताटातला भात उगाच कालवत बसायचो.

मी बी.एड. कॉलेजात शिकवतो. मूळ विषय गणित. अभ्यासक्रमात तंत्रज्ञानाचा पेपर नव्याने आला तेव्हा त्या वेळच्या प्राचार्यांनी स्टाफरूमभर एक नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. "गणितवाले तुम्ही. तुम्हालाच जमेल." गणिताचा आणि कॉम्प्युटरचा काय संबंध, हे विचारायला तोंड उघडावं लागलं असतं. मी "सरी सर", म्हणजे बरं सर, म्हणून मोकळा झालो.

मला काहीही येत नव्हतं. आज हे वाक्य लिहायला सोपं जातंय. तेव्हा ते झाकण्यात सगळा दिवस जायचा. कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली माझ्याच खिशात असे. धूळ बसते, व्हायरस येतो, कुणीतरी काहीतरी बिघडवतं, खोली बंद ठेवायला कारणं काय कमी? मी फळ्यावर कीबोर्ड काढायचो. पट्टीने, एकेक चौकोन, फार सुरेख. मुलं-मुली तो वहीत उतरवून घ्यायची. स्लाइड कशी करायची याच्या पायऱ्या मी धडाधड सांगायचो, ती लिहून घ्यायची, मी खाली सही करायचो. अशा दोन तुकड्या माझ्या हातून शिकून बाहेर पडल्या. त्यांनी पुढे आपल्या वर्गात काय केलं असेल, याचा विचार मी कटाक्षाने टाळला.

तिसऱ्या तुकडीत आनेकलहून येणारी एक मुलगी होती. वडील तिकडच्या कारखान्यात कामाला, घर चार-पाच पिढ्यांपासून तिथंच. एकदा मी व्हरांड्यात बायकोशी फोनवर बोलत होतो, तर मागून आवाज आला, "अय्यो सर, तुम्ही आमचेच की!" तिच्या घरचीही मराठी. आमच्यासारखीच, अर्धी कानडीत भिजलेली, पुण्याहून आलेल्या शेजाऱ्यांना ऐकून हसू येईल अशी.

ही मुलगी रोज दुपारी दारात उभी. "सर, खोली उघडता? स्वल्प वेळ." रोज नाही कसं म्हणणार? मी उघडायचो आणि लक्ष ठेवल्यासारखं करून तिच्या मागे उभा राहायचो. ती चुकायची, पुसायची, परत करायची, स्वतःशीच बडबडायची. मी बघायचो. आज तिने जे केलं, ते उद्या मी फळ्यावर शिकवायचो. माझी खरी गुरू ती. हे तिला माहीत नव्हतं, आणि मी कळू दिलं नाही.

आता त्या दिवसाकडे येतो. आमच्याकडे सराव पाठ असतात. होऊ घातलेले शिक्षक जवळच्या शाळेत जाऊन खऱ्या मुलांना शिकवतात आणि आम्ही मागच्या बाकावर बसून बघतो. प्रत्येकाची टाचणवही असते. उजव्या पानावर पाठाचं टाचण, डावं पान कोरं, आकृतीसाठी. पाठ संपला की बघणारा तांबड्या शाईने खाली शेरा लिहितो आणि तो शेरा म्हणजे ब्रह्मवाक्य. त्या वर्षी एक पाठ प्रोजेक्टरवर घ्यायचा असं ठरलं होतं. प्रोजेक्टरची बॅग माझ्या ताब्यात. आदल्या दिवशी मी ती भरून ठेवायची, सकाळी पाठ घेणारी आणि तिची जोडीदारीण अशा दोघींनी ती रिक्षातून शाळेत न्यायची.

आनेकलच्या मुलीने सातवीच्या वर्गासाठी चंद्राच्या कला तयार केल्या होत्या. पडद्यावर चंद्र पृथ्वीभोवती हळूहळू फिरायचा आणि शेजारी त्याची कोर वाढत जायची. तीन आठवडे खपली होती. तिच्या जोडीला देवनहळ्ळीची एक मुलगी होती, दोघी एकमेकींच्या डब्यातलं खाणाऱ्या. देवनहळ्ळीच्या एका नव्या शाळेत विज्ञानाची एक जागा होती आणि दोघींनी तिथं अर्ज केला होता. शाळेला सराव पाठ पूर्ण झाल्याचा दाखला महिनाअखेर हवा होता. "एकीला मिळाली तरी पार्टी दोघींची," असं त्या म्हणायच्या.

लॅपटॉप आणि प्रोजेक्टर जोडायला एक छोटा पांढरा कनेक्टर लागतो. अंगठ्याएवढा. आदल्या दिवशी संध्याकाळी मी तो बॅगेतून काढून घरी नेला. घरच्या टीव्हीला लॅपटॉप जोडून बघावा, कुणी नसताना एकदा नीट शिकून घ्यावं, एवढाच हेतू. जमलं की! टीव्हीवर माझी स्लाइड दिसली तेव्हा बायकोला हाक मारून दाखवली. सकाळी तोच शर्ट घालून निघालो.

वर्गात तिने बॅग उघडली. एक कप्पा बघितला, दुसरा बघितला, बॅग उलटी केली. साठ मुलं बघतायत. माझ्या एका बाजूला प्राचार्य, दुसऱ्या बाजूला त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "सर, ते छोटं कनेक्टर बॅगेत होतं ना?"

माझा हात खिशावर गेला. तो तिथंच होता. कापडातून त्याचे कोपरे बोटांना लागत होते.

बाहेर काढायचं आणि द्यायचं. दोन पावलं. पण मग प्राचार्य विचारणार, हे तुमच्या खिशात कसं? घरी का नेलंत? तुम्हाला येत नाही का? मी म्हणालो, "तपासून घ्यायचं असतं."

तिने खडू उचलला आणि फळ्यावर चंद्र काढायला लागली. गोल काही गोल येईना. मागच्या मुलांनी हसायला सुरुवात केली. पाठ पडला. प्राचार्य माझ्याकडे वळून म्हणाले, "लिहा." मी लिहिलं, 'साधनांची पूर्वतयारी अपुरी. पाठ पुन्हा घ्यावा.' आणि सही केली. माझी सही चांगली आहे.

तिचा पाठ पुन्हा झाला तीन आठवड्यांनी. तोवर महिना उलटला होता. देवनहळ्ळीची जागा जोडीदारणीला मिळाली. पार्टी झाल्याचं काही माझ्या कानावर आलं नाही. कनेक्टर मी त्याच दिवशी गुपचूप बॅगेच्या तळाशी सरकवून ठेवला होता.

त्यानंतर मी खोलीचं कुलूप काढलं. पश्चात्तापाने म्हणा, भीतीने म्हणा. जे येत नाही ते वर्गात "येत नाही" म्हणायला लागलो, पोरांना विचारायला लागलो, आणि पोरं मला हसता हसता शिकवायला लागली. त्यांचे उपकार आहेत. पण ज्या मुलीकडून पहिल्यांदा शिकलो तिचं नाव निघालं की मी विषय बदलायचो.

गेल्या वर्षी नव्या प्राचार्याबाईंनी सांगितलं, आपल्याच एका माजी विद्यार्थिनीला तीन दिवसांच्या कार्यशाळेला बोलावलंय. सरकारी शाळांच्या शिक्षकांना तंत्रज्ञान शिकवते, फार नाव आहे तिचं. नाव ऐकलं. आनेकलचीच ती.

ती आली. थोडी भरलेली, केसात एक पांढरी बट. मी "या मॅडम, तुम्ही" म्हणायला लागलो तर म्हणाली, "सर, 'तू' म्हणा की. नाहीतर मला वाटेल माझा पाठ परत घ्यायचाय." स्टाफरूम हसली. मीही हसलो, कसाबसा.

पहिल्या दिवशी तिने मशीनला हातच लावला नाही. सगळ्यांना टाचणवह्या उघडायला लावल्या. "उजव्या पानावर पाठ लिहा. डाव्या पानावर लिहा, वीज गेली तर काय कराल, इंटरनेट गेलं तर काय कराल, वायर नसली तर काय कराल. डावं पान कोरं असेल तर मी वर्गात सोडणार नाही." कुणी विचारलं, "मॅडम, मग प्रोजेक्टर कशाला?" ती म्हणाली, "चालला तर सोन्याहून पिवळं. पण मुलांसमोर उभं तुम्हाला राहायचंय, त्याला नाही."

दुसऱ्या दिवशी पाठ सुरू व्हायच्या आधी मी पाहिलं, तिने एका मुलाच्या बॅगेतून हळूच काहीतरी काढलं आणि आपल्या पर्समध्ये टाकलं. माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "प्रत्येकाची एक वस्तू पळवते मी, सर. डावं पान खरं लिहिलंय की नाही ते तेव्हाच कळतं."

कनेक्टर होता तो. अंगठ्याएवढा, पांढरा.

चहाच्या सुट्टीत मी तिला व्हरांड्याच्या टोकाला नेलं. मला वाटलं होतं तिला कळलंय, हे सगळं ती मला दाखवण्यासाठीच करते आहे. मी म्हणालो, "त्या दिवशी कनेक्टर माझ्या खिशात होता." पुढचं सगळं सांगितलं. टीव्ही, शर्ट, प्राचार्य. एका दमात, तिच्याकडे न बघता.

तिने कप कठड्यावर ठेवला. तिला काहीच माहीत नव्हतं.

"सर," ती म्हणाली, "मला वाटलं तिने काढलं."

"कुणी?"

"जोडीदारणीने. बॅग तिच्या मांडीवर होती, रिक्षात. नोकरी तिला मिळाली. मी नऊ वर्षं तिच्याशी बोलले नाही, सर. तिच्या लग्नालासुद्धा गेले नाही. पत्रिका द्यायला ती आनेकलला घरी आलती, मी आतून बाहेर आले नाही."

मी इतकी वर्षं एका मुलीचा अपराध केला असं समजत होतो. प्रत्यक्षात त्या दोघी निघाल्या.

"नोकरी हुकल्याचं तुला..." मी म्हणायला लागलो.

"वाईटच वाटलं. अजून वाटतं. अप्पा तीन दिवस जेवताना माझ्याकडे बघत नव्हते. खोटं कशाला बोलू?" तिने डोळे पुसले आणि फोन काढला. "पण ते नंतर. आधी हे."

नंबर तिच्याकडे अजून होता. तिने स्पीकर लावला. कानडीत बोलणं झालं, मी आपलं मराठीत लिहितो.

"हॅलो, कोण?"

"मी. कनेक्टर सापडला."

पलीकडे शाळेच्या मधल्या सुट्टीचा गोंगाट. मग, "अगं ए बये! आत्ता? कुठं होता?"

"सरांच्या खिशात."

मग पलीकडची मोठ्याने हसायला लागली आणि हसता हसता तिचा आवाज फाटला. "आणि मी रोज देवाला विचारत होते, हिने माझ्यावर का रुसावं! सर आहेत का तिथं?"

"आहेत. ऐकतायत."

मी म्हणालो, "माझी चूक झाली. दोघींचीही माफी मागतो." आयुष्यात इतकं सरळ वाक्य मी बोललो नव्हतो.

"बिडी सर," पलीकडून आलं, म्हणजे सोडून द्या. "पण तुम्ही पाठ परत घ्यायचा. नियम म्हणजे नियम!"

आनेकलची माझ्याकडे बघत होती. अजून हसली नव्हती. "खरं बोलली ती. उद्या सकाळी तुम्ही घ्या, सर. चंद्राच्या कला. मी मागे बसते."

त्या दिवशी घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती आत जाऊन फळीवरचा जुना रबरी चेंडू घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवला. "डाव्या पानासाठी," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चाळीस मुलं-मुली समोर आणि ती मागच्या बाकावर, तांबडं पेन घेऊन. मी बॅग तीनदा तपासून आणली होती. उघडली, तर कनेक्टर नाही. मागे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती, अगदी साळसूद.

मी डावं पान उघडलं. खिडकीचे पडदे ओढले, एकीला मोबाइलचा टॉर्च धरायला लावला, एकाला मध्ये बसवलं आणि चेंडू हातात घेऊन त्याच्याभोवती फिरलो. चेंडूवर कोर दिसली, वाढली, पूर्ण झाली. मध्ये बसलेला मुलगा ओरडला, "दिसतंय सर, इथनं दिसतंय!" मग सगळ्यांनाच मध्ये बसायचं होतं. वेळ गेला.

शेवटी एकीने विचारलं, "सर, हे डाव्या पानाचं कुणी सुरू केलं?"

मी मागे बघितलं नाही. म्हणालो, "नऊ वर्षांपूर्वी एका पाठात एक कनेक्टर हरवला होता. तो माझ्या खिशात होता." आणि सगळं सांगितलं, 'तपासून घ्यायचं असतं' या माझ्या वाक्यासकट. चाळीस होणाऱ्या शिक्षकांसमोर मी खोटारडा ठरलो होतो, आणि मला हलकं वाटत होतं. त्यांनी ऐकून घेतलं, याचेच उपकार वाटत होते.

संपल्यावर ती पुढे आली. कनेक्टर माझ्या हातात ठेवला, माझी टाचणवही ओढून घेतली आणि उभ्यानेच शेरा लिहिला. वाचताना चष्मा पुसावा लागला.

'वेळेचं नियोजन नाही. पाठ पुन्हा घेण्याची गरज नाही.'

खाली सही. तिचीही चांगली आहे.