नाथाजीच्या सदऱ्याला माती न्हाई

नाथाजीला पळताना गावानं कधी बघितलं नाही. लहानपणी एखादी म्हैस दावं तोडून उधळली, की आम्ही सगळे तिच्यामागं बोंबलत सुटायचो. नाथाजी उलट्या अंगाला चालत जायचा आणि कुंपणाच्या खिंडारात उभा राहायचा. म्हैस सगळं शिवार तुडवून शेवटी त्याच खिंडाराशी यायची, त्याला बघून थबकायची आणि गुमान मागं वळायची. आमचे गुडघे फुटलेले असायचे, ह्याच्या अंगावर धुळीचा कण नसायचा. लोक त्याला आळशी म्हणत. तो म्हणायचा, "आसंल."

ही खोड त्यानं चुलत्याकडून, गुंडा तात्याकडून उचलली होती. तात्यानं सारा जन्म उसाला पाणी पाजण्यात घालवला. आमच्याकडं ह्या कामाला दारं धरणं म्हणतात. मोटेचं पाणी पाटानं येतं. ते एका सरीत सोडायचं, सरी भरली की खोऱ्यानं माती ओढून तिचं तोंड बुजवायचं आणि पुढचीचं उघडायचं. बांधावर बसून बघणाऱ्याला हे सोपं वाटतं. नवखा गडी पाण्याच्या मागं धावतो. हिकडं फुटलं की हिकडं, तिकडं फुटलं की तिकडं. दिवस कलला की गडी कमरेपर्यंत चिखलात आणि निम्मा ऊस कोरडा. तात्या पाण्याकडं बघायचाच नाही. "पानी कुठं हाय ते आंधळ्यालाबी कळतंय," तो म्हणायचा. "कुठं फुटनार हाय तितं आदी जाऊन हुबं ऱ्हावं. मग फुटत न्हाई."

हीच विद्या घेऊन नाथाजी पलटणीत गेला. पार इटलीपर्यंत जाऊन आला. तिथं लढाई थंडावली तेव्हा एका गोऱ्या सार्जंटानं आमच्या मराठ्यांना फुटबॉल शिकवला. सगळे गडी चेंडूमागं धावले, हा धावेना. सार्जंट आधी शिव्या देऊन दमला, मग गप बघत राहिला, आणि मग त्यानं नाथाजीला मैदानाच्या मधोमध, दोन बॅकांच्या पुढं नेऊन उभं केलं. त्या जागेला सेंटर हाफ म्हणतात. पुढच्या दोन वर्षांत त्या जागेवर दुसरा माणूस आला नाही.

सेहेचाळीस साली नाथाजी बिस्तरा घेऊन गावी आला. घरात चार भाऊ आणि जमीन दोघांपुरती. त्याची बायको राहीबाई पाच वर्षं तीन जावांच्या हाताखाली भाकऱ्या बडवत होती. तिला दागिना नको होता, लुगडं नको होतं. तिला स्वतःची चूल पाहिजे होती. म्हणायची, "मीठ किती घालायचं ते माज्या मनानं घालीन, येवढंच."

पलटणीतला एक सोबती माधवनगरला एका कापडगिरणीच्या फाटकावर पहारेकरी होता. त्यानं सांगावा धाडला, की गिरणीचा फुटबॉलचा संघ आहे आणि चांगला खेळणाऱ्याला कायमची नोकरी आणि चाळीत खोली मिळते. अट एकच, संघाच्या चिंतामणरावांना खेळ पसंत पडला पाहिजे. चिंतामणराव सांगलीचे, गिरणीच्या कचेरीत कारकून. गोल चष्मा, खिशात घड्याळ आणि हातात वही. सामन्यात कोणी कितव्या मिनिटाला काय केलं ते सगळं त्या वहीत जायचं, आपल्या संघाचं आणि समोरच्याचंही. माणूस मात्र सरळ. सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी त्याच वहीवरून संघातून काढलं होतं. त्यांनी नाथाजीला एक सामना दिला. संक्रांतीनंतरचा रविवार, समोर मिरजेचे रेल्वेवाले.

गावातनं तीन गाड्या जुंपून आम्ही गेलो. मधल्या गाडीत गुंडा तात्या, मागच्यात पदर आवळून राहीबाई. फुटबॉल कोणी बघितला नव्हता, पण कुस्त्यांची मैदानं सगळ्यांनी केली होती. तेव्हा आपल्या गड्यानं समोरच्याला चीत करायचं आणि आपण फेटे उडवायचे, एवढं ठरवूनच निघालो होतो.

रेल्वेकडं पिंटो नावाचा एक फायरमन होता. काळा, काटक, इंजिनात कोळसा टाकून टाकून दंडाच्या गाठी झालेला. मागच्या तीन सामन्यांत त्यानं आठ गोल मारले होते. त्याच्या पायात चेंडू आला की माणसं उठून उभी राहतात, असं आम्ही ऐकलं होतं. शिट्टी झाली, पण उभं राहायची वेळ काही येईना. पिंटोकडं चेंडू निघायचा आणि वाटेत नाथाजी असायचा. धावून आलेला नसायचा, आधीच असायचा. चेंडू पायानं थांबवायचा, जवळच्या आपल्या गड्याला द्यायचा आणि चार पावलं सरकून पुन्हा उभा. ना कुणाला पाडलं, ना आरोळी दिली.

"आपला गडी खेळतोय का राखण करतोय?" गाडीतल्या ज्ञानूनं विचारलं.

"गोफण द्या त्येच्या हातात," दुसरा म्हणाला.

मध्यंतराला दोन्हीकडं गोल शून्य. कुस्ती बरोबरीत सुटल्यावर फड जसा गार पडतो तसे आम्ही गार पडलो. नाथाजी आमच्या गाड्यांपाशी पाणी प्यायला आला होता, तिथं चिंतामणराव वही उघडून आले. "तुमच्या नावापुढं काय लिहू? गोलावर एक फटका नाही. धाव नाही. कोणाला हिसका नाही. अहो, बाकीचे दहाजण धुळीनं माखलेत आणि तुमच्या सदऱ्याला माती नाही."

गुंडा तात्या गाडीतूनच बोलला, "आवं साहेब, आमच्याकडं ज्येच्या पाठीला माती न्हाई त्योच जिकला म्हंत्यात."

"ही कुस्ती नव्हे, तात्या," चिंतामणराव म्हणाले, आणि नाथाजीकडं वळले. "आता पुढं जाऊन खेळा. फॉरवर्डांच्या ओळीत. एक तरी गोल दिसू दे, नाहीतर मला शिफारस करता येणार नाही."

पाच वर्षं हुकूम पाळलेला माणूस. टाचा जुळवून "जी" म्हणाला आणि पुढं गेला.

पाचव्या मिनिटाला पिंटोनं गोल मारला. आता माणसं उभी राहिली. चौदाव्या मिनिटाला दुसरा. नाथाजी तिकडं पुढं, चुकून परक्या गावच्या वरातीत शिरल्यासारखा, हात कुठं ठेवावेत ते कळेना असा उभा. गुंडा तात्याला ते बघवेना. तो गाडीच्या साटीवर उभा राहिला आणि मोटेवरच्या गड्याला हाळी घालतात तशी त्यानं घातली.

"नाथाऽ, दारं उगडं टाकून कुठं हिंडतुयास रं? समदं पानी निगालं की."

नाथाजीनं तात्याकडं बघितलं, मग चिंतामणरावांकडं. ते खाली मान घालून वहीत लिहीत होते. हुकूम मोडला तर खोली गेली, हे त्याला माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं. मी मागच्या गाडीच्या चाकाशीच उभा होतो. राहीबाई तोंडातल्या तोंडात म्हणाली, "जाऊ दे ती खोली. मानूस तरी जाग्यावर येऊ दे."

हे काही त्याला ऐकू गेलं नसणार. पण तो वळला आणि चालत, अगदी चालतच, आपल्या जुन्या जागी येऊन उभा राहिला. तिथून पुढं पिंटोनं डाव्या अंगानं बघितलं, उजव्या अंगानं बघितलं. शेवटी कमरेवर हात ठेवून हसायला लागला. नाथाजीनं अडवलेल्या एका चेंडूवर गिरणीनं एक गोल फेडला, एवढंच. सामना दोन-एकनं गेला.

हरलेल्या गड्याची माणसं मैदानात रेंगाळत नाहीत. आम्ही बैल जुंपायला लागलो होतो, तोच चिंतामणराव तरातरा आले. "मी तुम्हाला पुढं खेळायला सांगितलं होतं."

"व्हय साहेब. चुकी झाली."

"लष्करात हुकूम मोडणाऱ्याचं काय करतात?"

"कोंडत्यात."

"कोंडा की मग," तात्या खाली उतरत म्हणाला. "पर त्या वहीत त्या काळ्या गड्याचं काय लिवलंय ते आदी वाचा."

चिंतामणरावांनी पान उलटलं. मोठ्यानं वाचायला लागले. पहिला अर्धा, पिंटो. पुढं कोरं. दुसरा अर्धा, पाचवं मिनिट, गोल. चौदावं मिनिट, गोल. त्याच्या पुढं पुन्हा पान कोरं. मग त्यांनी नाथाजीचं पान काढलं. तिथं त्यांनीच तांबड्या पेन्सिलीनं गुन्हा नोंदवला होता, 'सोळाव्या मिनिटाला हुकूम मोडून मागे आला.' ते पान, मग हे पान, पुन्हा ते पान. चष्मा काढून पुसला.

पिंटो सायकल ढकलत तिथून चालला होता. नाथाजीकडं बोट करून विचारता झाला, "अगला मॅच में भी ये आदमी रहेगा?"

"का?" चिंतामणराव म्हणाले.

"तो उस दिन मैं इंजिन पे ड्यूटी लगा लेता हूँ," म्हणाला आणि टांग टाकून गेला.

चिंतामणरावांनी वहीची पानं मागंपुढं चाळली. मग म्हणाले, "पण तात्या, हे लिहायचं कुठं? जे घडलंच नाही त्याला माझ्या वहीत रकाना नाही."

"पाडा की मग. आमी सरी पाडतोय, तुमी रकाना पाडा."

त्यांनी गाडीच्या चाकावर वही टेकली, पट्टी नव्हती म्हणून तात्याच्या काठीच्या कडेनं रेघ ओढली आणि वर मथळा घातला, 'दारं धरलं.' खाली पहिलं नाव नाथाजीचं. शिफारस दुसऱ्या दिवशी गेली, खोली महिन्याभरात मिळाली.

पण माणूस सरळ होता म्हणालो ना. स्वतःच्या वहीत लिहिलेला शब्द डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांना चैन पडेना. सामन्यानंतरच्या पुढच्याच रविवारी ते सायकलवरून गावात हजर झाले. तात्यानं त्यांना उसात नेलं, हातात खोरं दिलं आणि आपण बांधावर तंबाखू मळत बसला. चिंतामणराव पाण्याच्या मागं धावले. हिकडं फुटलं, तिकडं गेले. तिकडं फुटलं, हिकडं आले. तिसऱ्या सरीपाशी पाय घसरला आणि साहेब पाटात बसकण मारून बसले. चष्मा कपाळावर, धोतराचा सोगा वाहत्या पाण्यात.

भाकरीची पाटी घेऊन आलेली राहीबाई बांधावर थांबली. तिनं साहेबांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आवं साहेब," ती म्हणाली, "सदऱ्याला लय माती लागली की. तुमचा खेळ वहीत चांगला उटंल बगा."

चिंतामणरावांनी आधी चष्मा शोधला, मग हसायला लागले. भाकरी त्यांनी तिथंच, ओल्या अंगानं खाल्ली. आमटीत मीठ जरा जास्त झालं होतं, पण तसं कोणी बोललं नाही. ती राहीबाईनं, खोली मिळायची वाट न बघता, जावांना न विचारता आपल्या मनानं केली होती.