तोंड ह्यांचं, खाली कोण?

धडमामांना एक खरं नाव होतं, पण ते आठवायला दुकानाच्या मालकालाही डोकं खाजवावं लागे. छपाईच्या त्या दुकानात ते बावीस वर्षं फोटो तयार करत होते. त्यांचं खास काम म्हणजे माणसाएवढे कॅनव्हास. फोटो कापडावर छापायचा, कापड लाकडी चौकटीवर ताणायचं, कडा दुमडून मागे ठोकायच्या आणि उभा करायचा भिंतीला. लोकांना वाटतं, लहान फोटो मोठा केला की झालं. झालं म्हणे! गिऱ्हाईक येतं ओळखपत्रावरचा फोटो घेऊन, त्यात वडील जेमतेम कॉलरपर्यंत, आणि म्हणतं, "पायाच्या अंगठ्यापर्यंत पाहिजे हं." आता पाय आणायचे कुठून?

मामांनी त्यावर उपाय काढला होता. दुकानात खिळ्याला एक काळा कोट कायम लटकलेला असे. तो चढवायचा, पोट आत घ्यायचं, कॅमेऱ्याला टायमर लावून स्वतःचाच फोटो काढायचा आणि मानेवर गिऱ्हाइकाचे वडील बसवायचे. डॉक्टर, वकील, मुख्याध्यापक, सगळे असेच उभे राहिले. गावातल्या चाळीस दिवाणखान्यांत मानेच्या वर वेगवेगळे बाप होते आणि मानेखाली सगळीकडे मामा. फोटोला धड जोडून देतात म्हणून लोक त्यांना धडमामा म्हणत, पण ते धड कुणाचं, हे बावीस वर्षांत कुणाच्या बापाला कळलं नव्हतं. माहीत होतं ते फक्त मालकाला आणि मामींना. त्या म्हणायच्या, "अहो, गावभर बायका रोज तुमच्या छातीवर फडकं फिरवतात, आणि मी मेली एकटीच तुमची मूळ प्रत सांभाळत बसलेय!"

तर एके दिवशी नळवाल्यांचा मुलगा दुकानात आला. नळवाले म्हणजे निम्म्या गावाची गळती थांबवलेला माणूस. वर्षापूर्वी वारले. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला. घर विकलं होतं आणि महिनाअखेर चावी द्यायची होती, पण आई जागची हलेना.

"म्हणते, चाळीस वर्षं ह्यांच्याबरोबर राहिले, ह्यांना इथे सोडून एकटी येणार नाही. आता बाबांना कुठून आणू मामा? म्हटलं, निदान माणसाएवढा फोटो करू. तो बघून तरी निघेल."

"आणि नाही निघाल्या तर?"

"तर काय, चावी द्यायच्या दिवशी आईला खुर्चीसकट उचलू?" मुलगा म्हणाला, आणि हे बोलताना त्याचा चेहरा अगदी उतरला.

नळवाल्यांना फोटोचा भारी तिटकारा. नातीने चोरून काढलेला एकच फोटो होता. त्यात ते बेसिनखाली आडवे, मान तेवढी बाहेर काढून वैतागून बघताहेत. चेहरा फर्मास, बाकीचा माणूस पाइपांत. मामांनी मुंडकं अलगद कापलं, कोटावर बसवलं, नमुना म्हणून पूर्ण मापाचा कागद छापून भिंतीला चिकटवला आणि आईंना बोलावून घेतलं.

म्हातारी आली. काठी टेकून बराच वेळ बघत राहिली.

"तोंड ह्यांचं आहे," ती म्हणाली. "खाली कोण आहे?"

"आई, बाबाच आहेत," मुलगा म्हणाला.

"गप रे. चाळीस वर्षं मी धुतलेल्या कपड्यांच्या आत कोण असायचं ते तू मला सांगतोस?" मग तिने मामांकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत, निवांत. "हा आहे खाली. कोट बघ, तिथे लटकलाय. खांदेसुद्धा ह्याचेच, एक वर एक खाली."

मामांचं पितळ बावीस वर्षांनी उघडं पडलं, आणि तेही अडीच मिनिटांत. शेरास सव्वाशेर भेटलीच म्हणायची. मालक तेवढ्यात काही आठवल्यासारखं करून बाहेर सटकला.

"ह्या परक्या माणसाला घेऊन मी प्रवास करायची नाही," म्हातारीने निकाल दिला. दारापर्यंत गेली, थांबली. "उद्या मी त्यांचे कपडे आणते. उभा राहणारच असशील, तर नीट तरी उभा राहा."

दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन हजर. गुडघ्यावर ठिगळ लावलेली पँट, कोपरापर्यंत दुमडायचा शर्ट, खिशात पेन्सिलीचा तुकडा. मामांनी सवयीने पोट आत घेतलं.

"सोड ते पोट. त्यांनी कधी आत घेतलं नाही." काठीने तिने मामांचा डावा पाय पुढे सरकवला. "आणि असे मध्येच नाही उभे राहायचे ते. स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला हात लावून. आत येणार नाहीत, बाहेर जाणार नाहीत. नुसती अडचण! आहे का दार?"

दुकानात मोकळं दार एकच होतं, संडासाचं. आली का पंचाईत! पण मामा मुकाट्याने त्या दारात चौकट धरून उभे राहिले. तिने शर्टाच्या बाह्या दुमडल्या, मान जराशी कलती केली. मग हात बघितला.

"हात मऊ आहेत रे तुझे."

"कॉम्प्युटरवर बसणारा माणूस मी. खरखरीत करता येतील फोटोत."

"नको. जन्मभर खरखरीतच होते. आता होऊ देत मऊ."

मुलगा कॅमेऱ्यामागे होता. आई दोन पावलं मागे सरली, तिने एकदा बघितलं आणि एकदम खेकसली, "अहो, सरका ना जरा! वाट सोडा!"

मामा पटकन बाजूला सरले. म्हातारीने पदर तोंडावर धरला. मुलगा कॅमेऱ्यावर डोळा लावून तसाच वाकून राहिला, फोटो काढायचा सोडून.

"पुन्हा उभा राहा," थोड्या वेळाने ती मामांना म्हणाली.

मग खरं काम सुरू झालं. ह्या धंद्यातला पहिला नियम मामांनी मुलाला सांगितला, की कडेला काही ठेवायचं नाही. कडेची दोन इंचांची पट्टी लाकडाभोवती दुमडते, आणि तिथे जे असेल ते बाजूला जातं. एका वकिलांचा कान असाच बाजूला गेला होता. त्यांची मुलं म्हणाली, राहू द्या, तसंही ते कुणाचं ऐकत नसत.

"हात आत घ्या मामा," मुलगा म्हणाला, "नाहीतर बोटं दुमडतील."

"दुमडू देत," मामा म्हणाले.

त्यांनी संडासाचं दार फोटोतून काढून टाकलं. आता कॅनव्हासची लाकडी कड हीच चौकट. हाताची पाठ समोर आणि चार बोटं वळून बाजूच्या पट्टीवर. त्यासाठी हाताचा एक फोटो बाजूनेही घेतला होता. बोटांची पेरं बरोबर लाकडाच्या कोपऱ्यावर आली पाहिजेत, केसभर इकडेतिकडे झालं तर हात मोडल्यासारखा दिसतो. दोन कापडं वाया गेली. उंची म्हातारीने सांगितली होती, "माझ्याहून चार बोटं जास्त," तेवढीच ठेवली, मुलगा "थोडे उंच करा" म्हणत असतानाही. तिसरं कापड मामांनी श्वास रोखून ताणलं.

चावी द्यायच्या आदल्या दिवशी मायलेक कॅनव्हास न्यायला आले. गाडी बाहेर उभी होती. नळवाले भिंतीला टेकून उभे होते, पोट सोडून, वैतागलेल्या तोंडाने. मामा मागे टेबलाची कड धरून थांबले. चाळीस बाप त्यांनी उभे केले होते, पण कडेवरची बोटं सकाळपासून दहादा तपासली होती ती ह्यांचीच.

म्हातारीने समोरून बघितलं. मुलगा तिच्या तोंडाकडे बघत होता. मग ती काठी टेकत बाजूला गेली आणि कडेवरची ती चार बोटं तिला दिसली. तिने त्यांच्यावर आपला हात ठेवला. कितीतरी वेळ ठेवला.

"सोडा आता चौकट," ती हळूच म्हणाली. "निघायचंय आपल्याला."

मागे मामांनी टेबलावरचा हात काढून घेतला.