तिसऱ्या पायाला जागा नव्हती

तांब्याची तार बॉबिनवर चढवण्याआधी काकाजी ती खालच्या ओठावरून हळूच ओढायचे. तारेवरचं वार्निश खरचटलेलं असेल तर बोटाला कळत नाही, ओठाला लगेच कळतं. असा एखादा कारागीर तुमच्याही पाहण्यात असेल.

तुमसरच्या आमच्या छोट्या कारखान्यात राईस मिलच्या वजनकाट्यांसाठी एक डबी बनायची. मिलच्या मोटारींमुळे काट्याचे आकडे नाचत, म्हणून काट्याला वीज द्यायची ती मधे ट्रान्सफॉर्मर घालून, तारेला तार न लागू देता. व्होल्टेज सांभाळणारं आत काही नव्हतं. जेवढं येईल तेवढं, वेढ्यांच्या प्रमाणात, पलीकडे जायचं. सगळा भरवसा काकाजींच्या कॉइलवर.

डिझाइन पुश-पुलचं. मुख्य वेटोळ्याचे दोन भाग, करंट एकदा यातून, एकदा त्यातून. दोन्हींचे वेढे सारखे नसले की कॉइलमधला चुंबकी गाभा एकाच अंगाला भरत जातो आणि ट्रान्झिस्टर जळतो. काकाजी हातचाकावर कॉइल गुंडाळायचे. चाकावर खडूची एक रेघ. ती वर आली की एक वेढा. मोजताना शेठ जरी आले तरी काकाजी एक बोट वर करायचे, आणि शेठ मुकाट उभे राहायचे.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. बाप मिलमध्ये पोती उचलायचा. डिग्रीचा ताठा घेऊनच मी कामावर आलो.

"इंजिनिअर सायेब, तुमच्या पुस्तकात ट्रान्झिस्टर जळल्याचा वास येते का?"

"नाही, काकाजी."

"मंग बसा इथं. अभ्यास सुरू झाला."

पुढे एका हिवाळ्यात डब्या जळून परत येऊ लागल्या. मी कॉइली मोजल्या. एका भागात वेढे कमी. काकाजींना दाखवलं तर म्हणाले, "तार खराब येऊन राहिली." चाकावरची खडूची रेघ मात्र महिन्यामहिन्याला जाड होत होती. ती आम्ही सगळ्यांनी पाहिली. कोणी विचारलं नाही. मी समजलो, म्हातारपण आहे.

शेठ म्हणाले, "डिझाइन बदल, नाई तं काकाजीले घरी बसव. तूच सांग कोणतं."

मी आठवडाभर कागद काळे केले. फ्लायबॅक नावाचं दुसरं डिझाइन घ्यावं तर लोड काढताच व्होल्टेज उधळणार. शेवटी हाफ-ब्रिज निवडलं. त्यात मुख्य वेटोळं एकच, दोन भाग नाहीत, आणि त्याच्या वाटेत कपॅसिटर. तो असमतोल साठू देत नाही. काकाजींची चूक डबी पोटात घालेल असं डिझाइन मी शोधलं होतं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

"काकाजी, आता एखादा वेढा इकडंतिकडं झाला तरी चालते."

त्यांनी चाक थांबवलं. "चालते? मंग मी कायले पायजे?"

मी हसलो. बाजूला उभे असलेले शेठ हसले नाहीत. पुढच्याच महिन्यात बाहेरून मशीनवर गुंडाळलेल्या तयार कॉइली आल्या. ज्याला कोणाचीही कॉइल चालेल, ते डिझाइन मीच दिलं होतं. काकाजी घरी बसले.

उन्हाळ्याच्या तोंडी ते काळा चष्मा लावून आले. भंडाऱ्याला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. रुमालातून एक कॉइल काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

"मोज."

मी मीटर लावला. दोन्ही भाग तंतोतंत सारखे.

"डोळेच गेले होते गा. माहे हात नाई गेले."

"काहून नाही सांगितलं, काकाजी?"

"सांगतलं असतं तं तुम्ही घरी बसवलं असतं."

त्यांनी नवा बोर्ड उचलला, कॉइल त्यावर टेकवली. मुख्य वेटोळ्याचे तीन पाय, दोन टोकांचे आणि एक दोन्ही भागांच्या मधल्या जोडाचा; बोर्डाला भोकं दोनच. त्यांनी बोर्ड फिरवून पाहिला, पुन्हा टेकवली. मी म्हणालो, "पुढच्या ऑर्डरीत पाहू." त्यांनी माझ्याकडे पाहिलं; आता त्यांना स्वच्छ दिसत होतं. कॉइल तिथेच ठेवून ते गेले. पावसाळा लागण्याआधी ते वारल्याचा निरोप आला.

कॉइल माझ्या खणात आहे. हातचाक कोपऱ्यात पडून आहे. त्याच्यावर खडूची रेघ अजून आहे, बोटभर जाड. दारातूनसुद्धा दिसते.