नावाडीण कुणाची?

पुस्तकात नसलेली बाई सिनेमात घुसवली म्हणून सख्ख्या बहिणीशी अबोला धरणारा दिवटा तुम्ही पाहिलाय का? आमच्या गल्लीतला घड्याळजी पाहा. त्याच्या लाडक्या जादूच्या कादंबरीवर सिनेमा निघाला आणि त्यातली नवी राजकन्या ताईला आवडली, एवढाच तिचा गुन्हा.

शेवटी ताईच दुकानात आली.

"राजकन्या घुसवली, आणि माझी नावाडीण गाळली!" तो खेकसला.

"अरे शहाण्या, नावाडीण पुस्तकात नाहीच. लहानपणी वाचून दाखवताना मीच घातली होती. तू झोपत नव्हतास ना!"

गल्ली डोक्यावर घेणाऱ्या या पंडितानं पुस्तक स्वतः कधी उघडलंच नव्हतं! त्यानं ताईला बसायला स्टूल दिलं.

भांडा खुशाल, पण कृपा करून आधी वाचा.