काकूंच्या फ्रीजची चौकशी

यमुनाकाकू दुधाची पिशवी हातात घेतली की आधी कानाजवळ नेऊन हलवायच्या. त्यातून त्यांना काय ऐकू यायचं, हे मला तीन वर्षांत कळलं नाही. पण तेवढा वेळ दूधवाला मात्र मास्तरांनी उभं केल्यासारखा ताठ उभा राहायचा.

बारावीनंतर मी जानेफळहून बुलढाण्याला बी.एस्सी.साठी आले, तेव्हा काकूंनी मला त्यांच्या घरातली मागची खोली दिली. देण्याआधी त्यांनी वडिलांना ओट्यावर बसवलं आणि मला आत नेलं. घरी कोण कोण, दहावीला किती टक्के, स्वयंपाक येतो का, असं सगळं मला विचारलं. मग बाहेर जाऊन तेच प्रश्न वडिलांना विचारले. उत्तरं जुळली तेव्हा कुठे चहा आला. त्यांचे यजमान कोर्टात कारकून होते. ते गेल्यावर काकूंनी कोर्ट घरातच चालू ठेवलं होतं. "म्या शक नाही घेत कोनावर," त्या म्हणायच्या, "इचारून राह्यली फक्त."

माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. परीक्षेला निघताना काय काय न्यायचं, हे सांगणारंही कोणी नव्हतं. काकू दारात उभ्या राहून हॉल तिकीट घेतलं का, हे तीनदा विचारायच्या आणि तिसऱ्यांदा ‘दाखव’ म्हणायच्या. एकदा ते खरंच टेबलावर राहिलं होतं. माझ्या पदवीत त्या संशयाचाही वाटा आहे.

दुसऱ्या वर्षी आम्हाला कॉलेजात भांडी धुण्याचं लिक्विड करायला शिकवलं. सुट्टीत मी ते आईला शिकवलं. आई चौथीपर्यंत शिकलेली, पण हाताला चोख. ती आणि शेजारच्या चार बायका मिळून करू लागल्या आणि माझ्या खोलीचा खर्च त्यावर निघू लागला. बुलढाण्याच्या आमच्या गल्लीतही बाटल्या गेल्या, त्या काकूंच्या शब्दावर. तो शब्द देण्याआधी काकूंनी पंधरा दिवस एकच वाटी त्या लिक्विडने घासून पाहिली होती.

त्या वर्षी घटस्थापनेआधीच्या साफसफाईत मी काकूंचा फ्रीज त्याच लिक्विडने पुसला. फ्रीज एकदारी, काकांनी निवृत्तीच्या वेळी घेतलेला. फ्रीजरही आतून पुसला. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर दही आंबलेलं, बर्फाचं पाणी झालेलं. मोटर चालू, पण थंडावा नाही.

मिस्त्री आला. त्याने दार उघडलं, वास घेतला आणि कशानं पुसलं ते विचारलं. काकूंनी बाटली पुढे केली. लेबल नसलेली ती बाटली बघूनच त्याने निकाल दिला. "मावशी, हे घरगुती केमिकल. यानं आतली पाइप खाल्ली, गॅस गेला."

काकू मला काही बोलल्या नाहीत. शेजारी मात्र त्यांनी सांगितलं की सध्या ते लिक्विड वापरू नका. दिवस मावळायच्या आत तीन अर्धवट बाटल्या ओट्यावर परत आल्या. कोणी भांडलं नाही, बायका बाटल्या नुसत्या ठेवून गेल्या. मला ते भांडणापेक्षा वाईट वाटलं.

सोडा जास्त झाला तर धातू खातो, म्हणून मी आईला फोन करून तो किती टाकला होता, असं विचारलं. ती म्हणाली, तू लिहून दिला तेवढाच. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिने फोन ठेवला. मी काकूंसारखेच प्रश्न करत होते. फक्त माझं उत्तर आधीच ठरलेलं होतं. मी शिकलेली होते, म्हणून चूक आईचीच असणार होती. त्या दिवसापासून आईने काम बंद केलं.

काकूंचं उत्तर ठरलेलं नव्हतं. लिक्विडइतकाच त्यांना मिस्त्रीचाही संशय होता. "त्यानं फ्रीजरमंदी डोकावलंच नाही," त्या म्हणाल्या. "बाटली पाहून सांगितलं. बाटली काय बोलते?"

त्यांनी जर्मनचं, म्हणजे फ्रीजरसारखंच अ‍ॅल्युमिनियमचं, एक जुनं पातेलं भांडेवाल्याकडून कापून आणलं. पत्र्याचा एक तुकडा वाटीभर लिक्विडमध्ये बुडवून खिडकीत ठेवला, दुसरा कोरडा शेजारी. रोज सकाळी ओला तुकडा बाहेर काढून त्यावर नख ओढायच्या. तो काळा पडला असेल या भीतीने मी आधी काकूंचा चेहरा बघायचे, मग तुकडा. आठ दिवस झाले. दोन्ही तुकडे सारखेच होते.

"पत्रा तर नाही खाल्ला तुह्या लिक्विडनं," काकू म्हणाल्या. "मंग पाइपचंच काय वाकडं होतं?"

मग त्यांनी चिखलीहून दुसरा मिस्त्री बोलावला. तो यायच्या आधी बाटली लपवली आणि त्याच्यासमोर तोंड उघडायचं नाही, असं मला बजावलं. हा माणूस मन लावून काम करणारा होता. त्याने पाइपमध्ये हवा भरली आणि गळती बघायला साबणाचा फेस मागितला. घरात फेसाला आमच्या लिक्विडशिवाय दुसरं काही नव्हतं. काकूंनी तेच वाटीत कालवून आणून दिलं. त्याने फ्रीजरला आतून फेस लावला. खालच्या कोपऱ्यात एक बुडबुडा आला, फुगला, फुटला. लगेच तिथेच दुसरा आला. त्याने फडक्याने जागा पुसली. एक बारीक चरा होता आणि त्यात सुईच्या टोकाएवढं भोक.

"बर्फ काढाले कोनतरी टोकदार मारलं, मावशी," तो म्हणाला. "पुसून असं नाही होत."

आता मला विचारतील, म्हणून मी ‘मी नाही’ एवढं तोंडात तयार ठेवलं. पण काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि उलथणं घेऊन आल्या. त्याचा कोपरा त्यांनी चऱ्यावर टेकवला. तो बरोबर बसला. मग त्या खालीच बसल्या.

काकांना आमरस फार आवडायचा, पण त्यांची तिथी भाद्रपदातली. म्हणून काकू दरवर्षी ज्येष्ठातच आमरसाचा एक डबा फ्रीजरमध्ये ठेवायच्या आणि श्राद्धाच्या दिवशी त्यांच्या पानावर वाढायच्या. त्या वर्षी डबा बर्फात रुतून बसला होता. भटजी खोळंबले होते, पान वाढायचं राहिलं होतं. काकूंनी उलथण्याने बर्फ फोडून डबा काढला. मी कॉलेजात होते. परत आल्यावर मीही तो आमरस खाल्ला होता. गॅस तेव्हापासून हळूहळू जात होता आणि आमचं पुसणं नेमकं शेवटाला आलं.

"त्यायचा डबा होता," काकू म्हणाल्या. "त्या कामात हात चुकला असल, हे मनातच नाही आलं." मग उलथणं जमिनीवर ठेवलं. "सगळ्यायले इचारलं म्या. फक्त मले नाही इचारलं."

काकू जाऊन आता काही वर्षं झाली. मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांचा प्रयोग बिघडला की मीही चौकशी करते, पण आधी मी काय सांगितलं होतं ते आठवून बघते. हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

भोक सापडलं त्याच दिवशी काकू गल्लीत घरोघर जाऊन सांगून आल्या. आईला मी फोन करते म्हटलं तर ‘नाही’ म्हणाल्या. "तिचं काम माह्यामुळं बंद पडलं. मलेच जा लागते."

दुसऱ्या दिवशी मेहकरला गाडी बदलून आम्ही जानेफळला गेलो. आईसोबतच्या चारही बायका आल्या होत्या. आमच्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी देतात. त्या दिवशी आई नुसती उभी राहिली. काकू खाटेवर टेकल्याही नाहीत.

"फ्रीज म्या फोडला, उलथण्यानं," त्या म्हणाल्या. "तुमच्या लिक्विडचा काही कसूर नाही. तुमच्यावर शक घेतला, ते चुकलं माह्यं."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मला वाटलं, आई आता गेलेल्या गिऱ्हाइकांचं काढेल, किंवा मी फोनवर तिला कसं विचारलं होतं ते. तिने काकूंना एवढंच विचारलं, "म्हंजे माह्या पोरीनं शिकवलं ते बरोबर होतं?"

"बरोबर होतं," काकू म्हणाल्या. "आठ दिवस पाह्यलं म्या."

मग आई पाणी आणायला आत गेली.