सुरणबाई

सुरणबाईंचं बोलणं ऐकणाऱ्याच्या घशात खवखवायचं. साहेब लोकांना जरा जास्तच. त्यांनीच हे नाव पाडलं, आणि बाईंना ते कळल्यावर त्या म्हणाल्या, "बरंच झालं. सुरण खाजते, पण पोटाले चांगलं असते."

त्यांचं खरं नाव वनमाला रामटेके. वडील भंडाऱ्याहून रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले, आणि बाई आमच्या कंदमुळांच्या संशोधन केंद्रात फील्ड असिस्टंट म्हणून लागल्या. बूढ़ापाऱ्यातून रोज स्कूटरनं यायच्या, साहेबांच्या आधी. बस्तरपासून सरगुजापर्यंत फिरून त्यांनी गावोगावच्या बायकांकडून सुरण आणि कोनफळाचे कंद आणले होते. कंदाचं बी पुडीत भरून कपाटात ठेवता येत नाही. तो जमिनीतच जिवंत ठेवावा लागतो. बाईंनी तो तिथेच जिवंत ठेवला, वीसेक वर्षं. अहवालांवर नावं मात्र ज्यांनी कधी चिखलात पाय घातला नाही त्यांची.

या गोष्टीचा मला राग यायचा, बाईंना नाही. त्यांचा राग वेगळ्याच गोष्टींवर होता. एकदा दिल्लीहून आलेल्या पाहुण्यांनी एका वेलाकडे बोट दाखवून "जंगली है ये" म्हटलं. बाई तिथल्या तिथे म्हणाल्या, "जंगली काहून म्हणता साहेब? ज्या बाईनं मले दिलं, तिच्या सासूनं लावलं, मग तिनं लावलं, मग मी. तीन बायांच्या हातचं हाय हे." पाहुणे हसले. बाई हसल्या नाहीत.

मी त्यांच्या हाताखाली होतो, कंत्राटी तांत्रिक सहायक. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी मला प्लॉटवर नेलं. पानं केव्हाच वाळून गेलेली, नुसती भेगाळलेली माती आणि ओळीनं रोवलेल्या, गावांची नावं लिहिलेल्या टिनाच्या पाट्या. "काय दिसून राहिलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काहीच नाही. "तेच तर. सगळे खाली झोपून हायत. या दिवसांत इथं पाय पण जपून टाकायचा."

म्हणजे मला माहीत होतं. पुढचं सांगण्याआधी हे सांगायलाच हवं.

बाई भाचीच्या लग्नाला चार दिवस भंडाऱ्याला गेल्या होत्या. त्याच आठवड्यात केंद्रात मंत्र्यांचा कार्यक्रम ठरला आणि गाड्या लावायला जागा हवी झाली. संचालकांनी मला बोलावलं. "वो पीछे वाला प्लॉट खाली पड़ा है ना? लिख दो." माझं कंत्राट पुढच्या महिन्यात संपत होतं. मी एवढंच म्हटलं, "सर, रामटेके दीदी…" ते म्हणाले, "दीदी छुट्टी पर हैं. तुम हो ना?" मी लिहून दिलं: प्लॉट रिक्त आहे. फोन माझ्या खिशात होता. मी तो बाहेर काढला नाही.

दुपारी ट्रॅक्टरचा रोटावेटर माती भुसभुशीत करत फिरला. पाट्या उपटून पंपघराच्या भिंतीशी ढीग घातला. मंत्री आले, बियाणे वाचवण्याचं महत्त्व सांगून वीस मिनिटांत गेले. गाड्या त्या बियाण्यावरच उभ्या होत्या.

बाई परतल्या त्या थेट प्लॉटवर गेल्या. मातीत कंदांच्या फोडी पडलेल्या, काही वाळलेल्या, काही सडायला लागलेल्या. त्या रडल्या नाहीत. मला विचारलं, "कोणी लिहून देल्लं?" मी म्हटलं, "मी." त्यांनी वाकून एक फोड उचलली. मग म्हणाल्या, "टोपली आणा."

दहा दिवस आम्ही फोडी वेचल्या. खाजेनं माझे हात सुजले. बाईंनी औषध सुचवलं नाही आणि मी मागितलं नाही. राखेत घोळून लावलेल्या त्या फोडींतून पावसात जे उगवलं, त्यातलं निम्मंच त्यांना पानावरून, देठाच्या ठिपक्यांवरून ओळखता आलं. बाकीचे कोणते, कुठल्या गावचे, कुणी दिलेले, आता कुणालाच सांगता येणार नाही. आणि कित्येक उगवलेच नाहीत. माझं कंत्राट वर्षभरासाठी वाढलं, आणि वार्षिक अहवालात छापून आलं, 'संग्रहाची पुनर्रचना पूर्ण.'

पुनर्रचना! त्या शब्दाविरुद्ध तक्रार घेऊन बाई तीन वेळा नवा रायपूरला, मंत्रालयात जाऊन आल्या. रुंद रस्ते, बसचा पत्ता नाही, उन्हात स्कूटरवर. तिसऱ्या खेपेला कुणीतरी विचारलं, "प्लॉट भरा था, इसका सबूत क्या है?" सबूत म्हणून माझा कागद होता, आणि तो उलटं सांगत होता.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच नवा कागद लिहून त्यांच्यापुढे ठेवला. त्यात हिंदीत लिहिलं होतं की प्लॉट रिक्त असल्याचं प्रमाणपत्र माझ्याकडून 'भूल से' दिलं गेलं. बाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग पेन काढून 'भूल से' खोडलं.

"भूल कोणाचीही होते," त्या म्हणाल्या. "तुम्हाले ठाऊक होतं. 'झूठ' लिहा."

मी लिहिलं. संचालकांनी सांगितलं म्हणून लिहिलं, हेही लिहिलं. सही केली.

बाईंनी तो कागद मंत्रालयात नेऊन दिला. चौकशी झाली नाही. माझं कंत्राट संपलं, संचालक बढती घेऊन मंत्रालयात गेले. बाईंची गेस्टहाउसच्या चादरी मोजायला बदली झाली, तिथूनच त्या निवृत्त झाल्या, आणि गेल्या वर्षी वारल्या. केंद्रानं शोकसभा घेतली, मीही तिथे होतो. नवे संचालक त्यांना 'सहायिका' म्हणाले. मी उठलो आणि त्यांनी नेमकं काय केलं होतं, आणि मी काय केलं होतं, ते सगळं सांगितलं. दोन जण मला खाली बसवायला आले. मी बसलो नाही.