ड्रीमाचे शनिवार

आमच्या बेकर्स बेंडच्या हॉस्पिटलात शनिवारी कुणाला भेटायला आलात, तर तिसऱ्या मजल्यावर एक बाई दिसेल. निळे कपडे, कानामागे पेन, हातात उलटीचं भांडं. ती त्या मजल्याची इन्चार्ज आहे. सोमवार ते शुक्रवार तिला स्वतंत्र खोली आहे आणि दारावर नावाची पाटी आहे: ड्रीमा कटलिप. शनिवारी मात्र ती साधी नर्स असते. त्या दिवशी कामं वाटून देणारी जेमतेम पंचविशीची मुलगी तिला सांगते, "ड्रीमा, बारा नंबरचे आजोबा पुन्हा पँट काढून बसलेत, बघ जरा." आणि ड्रीमा जाऊन बघते.

नवी माणसं विचारतात, या बाईला घरदार नाही का? मी खाली दाराशी चौकशीच्या टेबलावर असते, पिवळं जाकीट घालून. पगार नाही, पण उभी हयात पार्लर चालवून गावातल्या डोक्यांचं आतलं-बाहेरचं सगळं पाहिलेल्या बाईला घरी कसं बसवणार? लिफ्ट कुठे, बाथरूम कुठे, एवढंच सांगायचं अशी माझी नेमणूक आहे. पण कुणी थांबून विचारलंच, तर मी शेजारची खुर्ची ओढते.

ड्रीमा आमच्या नदीकाठची. बाप लाकडाच्या गिरणीत होता. पोरगी पहिल्यापासून पापभीरू. मी तिची झुलपं वाकडी कापली, तर तीच मला "सॉरी हं, मावशी" म्हणायची. एकदा चर्चमध्ये दानाच्या ताटात कुणीतरी कोटाचं बटण टाकलं. टाकणारा मजेत गात होता, आणि ही मागच्या बाकावर लालबुंद. अपराध कुणाचाही असो, चेहरा ड्रीमाचा पडायचा. अशा मुलीच्या हातून खराखुरा अपराध घडला तर तिचं काय होईल, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता.

नर्सिंग तिनं खालच्या कॉलेजात केलं. नदीकाठी, टायरच्या दुकानाला लागून आहे ना, तेच. दोन वर्षांचा कोर्स. आमच्या खोऱ्यातल्या निम्म्या नर्सा तिथल्याच. डोंगरापलीकडच्या विद्यापीठात चार वर्षं काढून येतात त्यांची आणि यांची लायसन्सची परीक्षा एकच. सुई तीच, शीर तीच, ओरडणारा पेशंटही तोच. पण हॉस्पिटलनं नियम काढला की इन्चार्ज व्हायचं तर चार वर्षांची पदवी हवी. मग चला, उरलेलं वर जाऊन शिकू, म्हणावं तर विद्यापीठ खालचं अर्धं शिक्षण मोजायचंच नाही. शरीरशास्त्रसुद्धा पुन्हा करा म्हणायचे. जणू नदीकाठच्या माणसांना हाडं कमी असतात.

याच मजल्यावर अर्डिथ हॅमरिक होती. आडव्या हाडाची, नवरा वारलेला, घरी दोन कुत्रे. हसली की ट्रॅक्टर सुरू झाल्यासारखं वाटायचं. ड्रीमाला शीर शोधायला तिनं शिकवलं आणि डॉक्टरांना न घाबरायलाही. तीही खालच्याच कॉलेजची, पण फार आधीची. तिनं विद्यापीठात विचारलं, तेव्हा तिकडची बाई म्हणाली की तुमचा जंतूंचा विषय फार जुना झाला, तो आता धरत नाहीत.

"का?" अर्डिथनं विचारलं. "जंतूंनी मधल्या काळात धर्म बदलला का?"

आणि तिनं तो नाद सोडला.

ड्रीमानं नाही सोडला. वर्ग शनिवारी, डोंगरापलीकडे, आणि तिची ड्यूटीही नेमकी शनिवारची. तेव्हा अर्डिथच म्हणाली, "तुझे शनिवार मी करते. मला शनिवारी कोण विचारतंय? कुत्रे?"

आमच्याकडे ड्यूटी बदलून देणं हे देणं-घेणं असतं. आज तू माझी कर, हरणांच्या शिकारीच्या आठवड्यात मी तुझी करीन. कुणाचं कुणाकडे काय बाकी आहे हे लिहावं लागत नाही, सगळ्यांना पाठ असतं. अर्डिथनं दोन हिवाळे ड्रीमाचे शनिवार केले, बर्फ असो की फ्लूची साथ असो, आणि बदल्यात एकदाही काही मागितलं नाही. उलट पहाटे घाटाला लागण्याआधी ड्रीमा हॉस्पिटलवरून जायची, तेव्हा अर्डिथ तिला रस्त्यात खायला पेपरोनी रोल बांधून द्यायची. घरी भाजलेला पाव, आत पेपरोनी, म्हणजे तिखट सॉसेजच्या चकत्या, ठासून भरलेली.

आता अपराध ऐका.

दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी तेव्हाची इन्चार्ज फे लँट्झ हिनं ड्रीमाला चादरींच्या खोलीत गाठलं. म्हणाली, "मी वसंतात निवृत्त होतेय. पदवी हातात नसली तरी चालेल असं वरचे म्हणतायत, फक्त विद्यापीठात नाव घातलेलं हवं. प्रवेश अजून चालू आहेत. अर्डिथला सांग, तिनं नाव घातलं तर जागा तिचीच."

फेनं स्वतः का नाही सांगितलं, असं विचाराल. जत्रेत गोड पदार्थ भाजायच्या स्पर्धेत अर्डिथच्या ॲपल-पायला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हापासून दोघींचं रक्तदाब आणि गोळ्या यापलीकडे बोलणं नव्हतं. निरोप ड्रीमाच्या हाती दिला. आणि ड्रीमानं तो पोचवलाच नाही.

ती अर्डिथसमोर दोनदा जाऊन उभी राहिली, असं मला नंतर कळलं. एकदा अर्डिथ पेशंटला आंघोळ घालत होती. एकदा तिनं हिच्या हातात गरम रोल ठेवला आणि म्हणाली, "पळ, घाटात धुकं आहे." माझी परीक्षा होऊ दे, मग सांगते, असं ड्रीमानं स्वतःला समजावलं. परीक्षा झाली. प्रवेश बंद झाले. वसंतात फे गेली आणि दारावर ड्रीमाच्या नावाची पाटी लागली.

त्या दिवशी अर्डिथनं फुगे बांधले, ड्रीमाच्या डोक्यावर कागदी मुकुट चढवला आणि लिफ्टमधून येईल त्याला सांगितलं, "हिला शीर शोधायला मी शिकवलंय." मुकुटाखाली ड्रीमाचा चेहरा असा होता की भेटायला आलेल्या एका बाईनं तिलाच धीर दिला, "तुमचं कोण गेलं?"

मग सुरू झाला नैवेद्य. अर्डिथच्या दाराशी बीन्सचं पातेलं. अर्डिथला हलके पेशंट. अर्डिथला शिकारीचा अख्खा आठवडा सुट्टी, आणि अर्डिथनं जन्मात बंदूक धरलेली नाही. शेवटी एक दिवस तिनं ड्रीमाच्या खोलीचं दार लावून घेतलं.

"ड्रीमा, माझा कुठला रिपोर्ट आलाय का?"

"नाही गं. का?"

"मरायला टेकलेल्या माणसाशी वागतात तशी वागतेयस. काही असाध्य असेल तर सरळ सांग, मला कुत्र्यांची सोय लावायची आहे."

ड्रीमा हसली म्हणे. पण त्या दिवशी जेवली नाही.

नैवेद्यानं काही होत नाही म्हटल्यावर तिनं मोठं काम काढलं. खालच्या कॉलेजवाल्यांना आणि डोंगरापलीकडच्यांना एका टेबलाशी बसवलं, आमच्याच कॅन्टीनमध्ये. त्या बैठका मी पाहिल्यात. एकीकडे विद्यापीठाच्या बाई, ताठ, मोत्यांची माळ घातलेल्या. दुसरीकडे आमची माणसं, दुखावलेली. मधे ड्रीमा, ॲपल-पाय कापून वाढतेय. कित्येकदा सगळे उठून गेले, तितक्यांदा हिनं परत बोलावलं. पार्लरमध्ये सॉरी-सॉरी करणारी मुलगी मोत्यांच्या माळेला म्हणाली, "आमच्या नर्सा तुमच्या आईला सुई टोचतात तेव्हा तुम्ही त्यांना शरीरशास्त्र पुन्हा करा म्हणता का?" काही वर्षं गेली, पण झालं. खालची दोन्ही वर्षं वर पूर्ण धरायची. पहिल्या दिवसापासून दोन्हीकडे नाव. सतत वॉर्डात काम करत असेल, तर जुना विषयही चालेल. आणि शनिवारचा वर्ग इथेच, आमच्या तळमजल्यावर. घाट ओलांडायचा तो मास्तरांनी.

गाव धन्य धन्य झालं. कडेवर पोर घेऊन मुली नाव घालायला आल्या. ड्रीमा रोज प्रवेशाचा कागद अर्डिथच्या डोळ्यांसमोरून नेत होती, आणि अर्डिथ रोज म्हणत होती, "छान केलंस हं. मला कशाला ते? तुझ्या खोलीला खिडकीसुद्धा नाही."

मी एकदा ड्रीमाला जाता जाता म्हटलं, "एवढा पूल बांधलास, आणि जिच्यासाठी बांधलास ती अलीकडेच बसून बटाटे सोलतेय."

ती पांढरी पडली. "मावशी, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"फेनं. केस रंगवताना. मी कुणाला बोलले नाही." म्हणजे, दोघी-तिघींनाच. पण अर्डिथला नाही. तेवढं मी पाळलं. ते ड्रीमाचं ओझं होतं.

एप्रिलमध्ये आगीच्या बंबाच्या हॉलमध्ये रानलसणाचं जेवण असतं. गावभर आठवडाभर वास येतो, म्हणून सगळ्यांनीच खायचा. स्वयंपाकघरात अर्डिथ कढईवर, बटाट्यांत लसूण परतत. ड्रीमा भांडी घासायला. कुठेही गेली की ती भांडीच घेते. मी दाराशी मक्याचा कॉर्नब्रेड कापत होते. बाहेर बंबवाल्यांच्या प्रमुखानं माईक घेतला आणि ड्रीमाचं कौतुक केलं. टाळ्या पडल्या. अर्डिथनं दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की माझी सुरी निसटली. ड्रीमा त्या शिट्टीनं मोडली.

"अर्डिथ, मला तुला एक सांगायचंय."

"सांग. कढईपासून लांब उभी राहून सांग."

"फे जाणार होती तेव्हा तिनं मला निरोप दिला होता, तुझ्यासाठी. नुसतं नाव घातलं असतंस तरी जागा तुला मिळाली असती. मी तुला सांगितलं नाही."

अर्डिथनं लसूण एकदा हलवला. "विसरलीस?"

मी सुरी थांबवली. अर्डिथनं तिच्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. हो म्हटलं असतं तर ड्रीमा त्यातून सुखानं बाहेर पडली असती.

"नाही," ड्रीमा म्हणाली. "तूही शिकायला लागलीस तर माझे शनिवार कोण करणार, असं मनात आलं. आणि जागा सगळ्यांनी तुलाच दिली असती."

"मी तुला वाटेत खायला रोल बांधून देत होते."

"हो."

"पेपरोनी जास्त घालून."

"हो."

अर्डिथनं गॅस बंद केला, एप्रन खुंटीला लावला आणि भरल्या हॉलमधून सरळ निघून गेली. त्या वर्षी लसूण अर्धा कच्चा होता, अशी तक्रार अजून होते. कारण फारसं कुणाला माहीत नाही.

मग दोघींचं बोलणं बंद. "हो", "नाही", "बारा नंबरला ताप", एवढंच. ड्रीमा वाळत चालली. मला वाटलं, आता अर्डिथ दुसरं हॉस्पिटल बघणार. पण एका सकाळी ती ड्रीमाच्या खोलीत गेली. बसली नाही. दार उघडंच ठेवलं, म्हणून मजल्यानं ऐकलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्या टेबलाशी पोचलं.

"माझे शनिवार परत दे."

"कसे देऊ गं?"

"खाली तुझा वर्ग भरतो ना? नाव घातलंय मी. पण शनिवारी माझी ड्यूटी आहे. ती तू कर."

"मी बदली नर्स बोलावते, अर्डिथ, लगेच—"

"नर्स नको. तू. इन्चार्ज म्हणून फिरायला नाही. निळे कपडे घाल आणि बारा तास राब. दोन हिवाळे केलेत मी."

तर असे ते शनिवार. खाली पोरींच्या घोळक्यात अर्डिथ चष्मा नाकावर ठेवून बसते, चिप्सचं पाकीट कुरकुर वाजवते आणि मास्तरांना "जरा मोठ्यानं बोल रे, बाळा" म्हणते. जेवणाच्या सुट्टीत लिफ्टनं वर जाते आणि ड्रीमाचे पेशंट तपासते. "या उशीला काय झालंय?" ड्रीमा उशी नीट करते.

देणं फिटत आलं होतं. आणि बाकी सगळे विषय पटापट पास झालेली अर्डिथ संख्याशास्त्रात नापास झाली. पुन्हा अख्खं सत्र, म्हणजे ड्रीमाचे पुन्हा तेवढे शनिवार. मुद्दाम पडली, असं गावात चाललंय. मी कशाला बोलू? मी सरळ तिलाच विचारलं.

"मला ते गणित येतच नाही, मावशी."

"येत नाही की येऊ देत नाहीस?"

किती दिवसांनी ट्रॅक्टर सुरू झाला. "अहो, फिटलं की ती पुन्हा बीन्सची पातेली आणायला लागेल. त्यापेक्षा हे बरं, नाही का?" मग हसू थांबलं आणि ती म्हणाली, "आणि खरं सांगू? अजून माझा राग गेलेला नाही. ती दिसते, तेव्हा आधी तो रोलच आठवतो."

गेल्या शनिवारी दुपारी ड्रीमा खाली आली, हातात मेणकागदाची पुरचुंडी. औषधांच्या गाडीवर कुणीतरी ठेवून गेलं होतं. उघडून तिनं माझ्यापुढे धरली. पेपरोनी रोल होता, अजून कोमट. आम्ही दोघींनी आत डोकावून पाहिलं. पावच पाव. पेपरोनीच्या मोजक्या चकत्या, त्याही एका टोकाला.

ती माझ्या टेबलाशी उभ्यानंच खायला लागली, सावकाश, एक चुराही खाली पडू न देता. डोळे भरलेले.

"मावशी, हे माफ केल्याचं आहे की आठवण करून दिल्याचं?"

वर घंटा वाजली.

"बारा नंबर," मी म्हटलं. "पँट बघ जा."